दीड अंश वाकडी

सगळं कसं ओळंब्यात असलं पाहिजे, असं मानणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढले. बाबा ॲल्युमिनियमच्या खिडक्या आणि काचेच्या भिंती बसवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होते, आणि अमिरातीतल्या अल ऐन शहरातल्या निम्म्या दुकानांच्या दर्शनी काचा आपण उभ्या केल्या आहेत असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. कुणाकडे जेवायला गेलो की त्यांची नजर आधी दाराच्या चौकटीवर जायची. भिंतीवरचं कॅलेंडर जरासं कललेलं दिसलं तर ते यजमानांना न विचारता उठून सरळ करायचे. आई शरमेने पदराशी चाळा करत बसायची, यजमान हसायचे, आणि परतताना गाडीत बाबा त्या घराच्या बांधकामातल्या चुका एकेक करून सांगायचे. माझ्या मुलीला हे ऐकून फार हसू येतं, आजोबांची अजून गोष्ट सांग म्हणून ती मागे लागते. मी सांगतेही. पण ज्या वर्षाबद्दल लिहायला बसले आहे ती गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, कारण ती गमतीने सांगता येत नाही. आत्ता लिहितानासुद्धा माझी कानशिलं तापली आहेत.

एका जुन्या व्हिलाच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या. अंगणात मालकाचं खजुराचं झाड होतं. खजूर पिकले की त्यांचा माणूस येऊन घड उतरवून न्यायचा आणि जाताना एक ताटली भरून आमच्या पायरीवर ठेवायचा. खिडकीतल्या एसीची घरघर अशी होती की आम्ही चौघंही ओरडूनच बोलायचो. अजून मला हळू बोलता येत नाही, ऑफिसात लोक त्यालाच माझा राग समजतात. सुट्टी तेव्हा शुक्रवारची असायची. शुक्रवारी सकाळी आई घावने घालायची, बिडाच्या तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज एसीच्या वरताण यायचा, आणि बाबा मासळीबाजारातून शेरी मासा घेऊन आले की घरभर तिरफळाचा वास सुटायचा. तिरफळं चिपळूणहून यायची, डब्यात डबा घालून. दुपारची नमाज झाली की आम्ही सगळे गाडीत बसायचो आणि शहराबाहेरच्या ट्रॅकवर जायचो. आई चहाचा थर्मास घ्यायची, बाबा घडीच्या खुर्च्या, ओंकार रिमोट, आणि बाकी सगळं ओझं मी.

ओंकार माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्याच्या चौदाव्या वाढदिवसाला बाबांनी त्याला रिमोटवर धावणारी शर्यतीची गाडी घेऊन दिली. त्याच वर्षी मला मिळाली नवी कंपासपेटी, कारण माझं दहावीचं वर्ष होतं. गाडी म्हणजे हातभर लांबीची, विजेवर चालणारी बग्गी. चार चाकांना चार शॉक, प्रत्येकात तेल, त्यावर स्प्रिंग. पहिल्या दोन महिन्यांत ओंकारने ती इतक्या वेळा उलथवली की चाकं धरणारा तिचा एकही हात शाबूत राहिला नाही. तो मोडायचा, मी जोडायचे. जोडता जोडता माझ्या लक्षात आलं की मोडलेलं जोडणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. न मोडलेली गाडी वळणावर शहाण्यासारखी वागवणं अवघड. उन्हात धावून गाडी तापली की शॉकमधलं तेल पातळ व्हायचं, आणि तीन वाजता नीट चालणारी गाडी तापलेल्या मातीवर चार वाजता बेडकासारखी उड्या मारायला लागायची. मग मी दोन प्रकारची तेलं ठेवायला लागले. पुढची स्प्रिंग बदलली की मागचा भाग बिघडायचा, मागचा नीट केला की पुढचा अडायचा. ओंकार येऊन नुसतं म्हणायचा, “ताई, बॅक इज स्लायडिंग अगेन,” आणि शावरमा आणायला निघून जायचा. बॅक का स्लाइड होतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

माझं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते चाकांच्या कलाने. वळणावर गाडीचं अंग बाहेरच्या बाजूला झुकतं. चाक आधीपासून ताठ उभं असेल तर त्या झुकण्यात ते कडेवर चढतं आणि रबराची नुसती कड जमिनीला लागते. म्हणून चाकाचा वरचा भाग आधीच थोडा आत कलवून ठेवायचा, म्हणजे ऐन वळणात ते सपाट टेकतं आणि सगळं रबर माती धरतं. किती कलवायचं हे पुस्तकात नसतं, ज्या त्या मातीवर ठरतं. मी कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट अडकवला, आणि चाकाशी धरून अंश मोजायला लागले. ओळंबाच तो, बाबांकडे बघून शिकलेला. एका अंशावर मागचा भाग घसरायचा. दोनवर ब्रेक मारला की गाडी भिरभिरायची. वही भरत गेली, परीक्षा आली आणि गेली, आणि अख्ख्या हिवाळ्यानंतर मागच्या चाकांना दीड अंश आणि पुढच्यांना एक, असं माझं गणित बसलं. त्या दिवशी पाचव्या वळणावरून गाडी अशी गेली की मी एकटीच मोठ्याने हसले. आजवर माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी ते धरते.

ट्रॅक चालवायचा रोमेल. तो फिलिपिनो, एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा आणि शुक्रवारी हातात माइक घेऊन राजा व्हायचा. तिथे नियम असा होता की ज्याने शर्यत धावली त्याने पुढच्या शर्यतीत वळणावर उभं राहायचं, आणि कुणाची गाडी उलटली की पळत जाऊन सरळ करून द्यायची. त्याला मार्शल म्हणायचे. ओंकार एकदाही उभा राहिला नाही. “ताई जाएल ना,” म्हणायचा, आणि मी जायचे. मग बाकीच्या मुलांनाही सवय लागली. कुणाला पाणी प्यायचं असलं, कुणाला बॅटरी लावायची असली, की ओंकारच्या बहिणीला पाठवा. उन्हात, धुळीत, परक्या मुलांच्या गाड्या उचलत मी हिवाळाभर धावले. जे मला कधी चालवायला मिळालं नाही ते दर शुक्रवारी पंधरा वेळा हातात येत होतं आणि लगेच खाली ठेवावं लागत होतं. राग तेव्हापासूनचा आहे, नुसत्या त्या एका दिवसाचा नाही.

शेवटी एका शुक्रवारी जेवताना मी म्हटलंच, “बाबा, पुढच्या सीझनला मी चालवणार.”

“तू?” बाबांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. “तिथे सगळे मुलगेच असतात गं.”

“मी पण तिथेच असते. दर शुक्रवारी.”

“बट इट्स माय कार!” ओंकार ओरडला.

बाबांनी त्याला हाताने गप्प केलं. त्यांना न्यायनिवाडा करायला आवडायचं. “हे बघ मनू. फायनलला ओंकार पहिल्या तिनात आला, तर पुढचा सगळा सीझन रिमोट तुझ्या हातात, नाव तुझं. नाही आला, तर विषय खलास. माझा शब्द.” त्यांनी उष्टा उजवा मागे घेऊन डावा हात पुढे केला, आणि मी तो हातात घेऊन हलवला. आई म्हणाली, “मी ऐकलंय हं दोघांचं.”

मला ती अट आवडली होती. हे कबूल केलं पाहिजे, कारण पुढे मी तिला खूप शिव्या दिल्या. ओंकार वाईट चालवायचा नाही, आणि पात्रता फेरीत माझ्या दीड अंशावर तो दुसरा आला होता. गाडी जशी होती तशी त्याने नुसती नेली असती तरी तिसरा नंबर कुठे जात नव्हता. गुरुवारी संध्याकाळी मी चारही शॉक उघडून तेल बदललं, कोन परत मोजले, वहीत लिहिले, आणि गाडी टीपॉयवर कापडाखाली झाकून ठेवली. शुक्रवारी सकाळी मी आईला नारळ खवून देत होते. बाबा बाहेरच्या खोलीत होते. काहीतरी खुडखुड चालली होती, पण शुक्रवारी बाबांची कुठे ना कुठे खुडखुड चालूच असायची.

त्या दिवशी बाबांना साइटवर तासभर जाऊन यावं लागलं, म्हणून आम्हाला निघायला उशीर झाला. पोचलो तेव्हा रोमेल फायनलची नावं पुकारत होता. ओंकारने पिशवीतून गाडी काढली, बॅटरी खुपसली आणि तो चालकांच्या माचीवर चढला. मी गाडीकडे वळणार एवढ्यात आधीच्या शर्यतीतला एक मुलगा, तोंडात घास घेऊन, वर बघून म्हणाला, “ओंकार, युअर सिस्टर विल स्टँड फॉर मी, ना?” आणि ओंकारने खाली न बघता “या, या” म्हटलं. मी पाचव्या वळणावर जाऊन उभी राहिले. माझंच वळण ते.

पहिल्याच फेरीत मला काहीतरी खटकलं. गाडी वळणात शिरताना मागून सुटत होती, ओंकार ती कशीबशी आवरत होता. मला वाटलं, तेल. ऊन जास्त आहे, मी पातळ भरलं. मी स्वतःलाच शिव्या देत होते. दोन फेऱ्यांत तो दुसऱ्यावरून पाचवा झाला. चौथ्या फेरीला माझ्यासमोर मागचं चाक कडेवर चढलं, कड मातीत रुतली, आणि गाडीने दोन कोलांट्या खाऊन माझ्या पायाशी लोळण घेतली. मी धावले, उचलली, सरळ करून खाली ठेवायला वाकले, आणि मला चाकं दिसली. ताठ. चारही. काटकोनात, केसाचाही फरक नाही. एवढं अचूक काम आमच्या घरात एकच माणूस करू शकत होता.

माझ्या डोक्यात सकाळची खुडखुड लख्ख वाजली. मी तशीच उभी राहिले, गाडी हातात धरून. ओंकार माचीवरून बटण दाबतच होता, त्यामुळे चाकं माझ्या हातात गरागरा फिरत होती आणि तळव्याची साल काढत होती. “मार्शल! टर्न फाइव्ह! पुट द कार डाउन!” रोमेलचा आवाज भोंग्यातून आला. “ताई! व्हॉट आर यू डुइंग?” ओंकार किंचाळला. कुंपणापाशी बाबा दोन्ही हात वर करून ओरडत होते, “मनू, ठेव खाली! वेळ जातोय! अगं ठेव!” खाली ठेवली असती तर? अजून निम्मी शर्यत बाकी होती. पुढचे दोघं नंतर एकमेकांवर आदळून थांबले, हे मला मागाहून कळलं. ठेवली असती तर कदाचित तो रडतखडत तिसरा आला असता. हे गणित मी पुढे शंभर वेळा केलं आहे. त्या क्षणी मला गणित सुचलं नाही. मी गाडीचा स्विच बंद केला, ट्रॅक ओलांडून चालत बाहेर आले आणि गाडी बाबांच्या घडीच्या खुर्चीवर नेऊन ठेवली.

परतताना आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मग बाबांनी सुरुवात केली. “सगळ्या लोकांसमोर सख्ख्या भावाची गाडी घेऊन चालती झालीस. लाज नाही वाटली?”

“चाकं कुणी सरळ केली?”

“मी.” त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. “सकाळी सहज बघितलं, तर चारही वाकडी! एवढी आपटलेली गाडी, वाकणारच. म्हटलं फायनलला एवढी लोकं येणार, वाकडं काम घेऊन कसं जायचं? एकदम ओळंब्यात आणली.”

“ती मी वाकडी केली होती. मुद्दाम. सहा महिने घालवलेत मी त्यात.” मी ओरडत होते, पण आमच्या घरात ओरडण्याला किंमतच नव्हती, सगळेच ओरडायचे. “मला विचारलं का नाहीत?”

“तुला काय विचारायचं त्यात? ओंकारला विचारलं मी. तो म्हणाला, करा.”

ओंकार पुढच्या सीटवर होता. मान न वळवता म्हणाला, “आय थॉट दे वर बेंट.”

म्हणजे विचारलं होतं. बाबा विचारायला विसरले नव्हते. घरात त्या गाडीबद्दल कुणाला तरी विचारायला हवं हे त्यांना समजलं होतं, आणि त्या कामासाठी त्यांनी असा माणूस निवडला ज्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो हे माहीत नव्हतं. मी बाजूच्याच खोलीत नारळ खवत होते. दहा पावलांवर. विसरले असते तर मी केव्हाच माफ केलं असतं.

“खेळण्यावरून एवढं?” आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. मी तिचा हात झटकला, त्याचं मात्र मला वाईट वाटतं.

“ते जाऊ दे,” बाबा म्हणाले. “पण शब्द तो शब्द. पहिल्या तिनात आला नाही. विषय खलास.” आणि त्यांना खरोखरच वाटत होतं की ते न्यायाने वागताहेत. त्यांच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता. कपट असतं तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या शुक्रवारी मी ट्रॅकवर गाडीतून उतरलेच नाही. काच वर करून बसले. बक्षीस समारंभ होता, बाहेर टाळ्या वाजत होत्या. थोड्या वेळाने रोमेलने काचेवर टकटक केली. मला वाटलं हा आता नियम मोडला म्हणून बोलणार. काच खाली केली तर म्हणाला, “मॅडम, हू मेड द व्हील्स स्ट्रेट?”

मी काच अजून खाली केली.

“यू वॉक्ड पास्ट मी, आय सॉ. लास्ट टाइम इट वॉज परफेक्ट. हू डिड?” त्याने हाताचा पंजा उभा धरून जरासा आत कलवला, माझ्याच दीड अंशाएवढा. तेव्हा मात्र मी रडले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्या जवळजवळ अनोळखी माणसासमोर. तो गडबडला आणि निघून गेला. पण जाऊन त्याने काय केलं, तर सगळ्या लोकांच्या मधोमध बाबांना गाठून सांगितलं, की माझी एक जुनी गाडी पडून आहे, पुढच्या सीझनला तुमच्या मुलीने चालवावी. बाबांनी दहा लोकांसमोर नाही म्हणणं शक्यच नव्हतं. “वाय नॉट, वाय नॉट!” मला गाडीत ऐकू येईल एवढ्या मोठ्याने ते म्हणाले. “शी इज द ब्रेन, यू नो! ऑल सेटिंग शी ओन्ली डुइंग!” लोक हसले, कुणीतरी त्यांची पाठ थोपटली. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्या वाक्याने माझं डोकं आधीपेक्षा जास्त फिरलं.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं नाही. पाणी हवं का, विचारायचे. मार्क दाखवायचे. पण गाडीबद्दल एक शब्द नाही. उन्हाळाभर रोमेलची जुनी गाडी माझ्या पलंगाखाली असायची. मी ती दार लावून उघडायचे आणि दार लावूनच बंद करायचे. ओंकारने दोनदा “ताई, माइन ऑल्सो, प्लीज” म्हणून बघितलं आणि नाद सोडला. आजही कुणी मला न विचारता माझ्या कामात हात घातला की माझा तोल जातो. मागच्याच महिन्यात ऑफिसातल्या एका पोराने माझ्या ड्रॉइंगमधला आकडा आपल्या मनाने दुरुस्त केला, तर मी त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. त्याचंच बरोबर होतं, आकडा खरंच चुकला होता.

नव्या सीझनची पहिली शर्यत आली. यादीत माझं नाव होतं. टेबलावर माझी गाडी होती, आणि मी हातमोजे शोधत होते, कारण तळवे घामेजले होते. वळून बघते तर बाबांनी गाडी उचलून डोळ्यांसमोर धरलेली. पण त्यांनी कशाला हात लावला नाही. मागून बघितली, पुढून बघितली, चष्मा वर सरकवून परत मागून बघितली. मग जपून, दोन्ही हातांनी, टेबलावर ठेवली.

“मनू,” ते म्हणाले, “ही मुद्दाम वाकडी ठेवतात?”

उत्तर माझ्याकडे तयार होतं. अंग झुकणं, चाकाची कड, सपाट टेकणारं रबर, दोऱ्याचा ओळंबा. आरशासमोर, बसमध्ये, अंथरुणात मी त्यांना ते किती वेळा समजावून सांगितलं होतं. दोन मिनिटांचं काम. ओळंबा म्हटल्यावर तर त्यांना एका मिनिटात कळलं असतं, आणि ते किती खूश झाले असते हेही मला माहीत होतं.

“हो,” मी म्हटलं, गाडी उचलली आणि माचीकडे निघाले.

पायऱ्या चढताना मला मागून त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखा मोठा. “काय रे ओंकार, चाकं वाकडी का ठेवतात?”

“आय डोन्ट नो, बाबा,” ओंकार म्हणाला.

मी मागे वळले नाही. रोमेलने माझं नाव पुकारलं होतं.